काहूनवाल्या मुजुमदारबाई

मुजुमदारबाईंचं नाव निघालं की दारव्ह्यात आजही कोणी ना कोणी म्हणतंच, "बाई हुशार होत्या, पण भारी तापट." हे वाक्य ऐकलं की माझंच डोकं तापतं. जसं काही बाईंच्या अंगात हुशारी एका कप्प्यात होती आणि राग दुसऱ्यात, आणि देवानं तो दुसरा कप्पा रिकामा ठेवला असता तर गावाची फार सोय झाली असती. सोय झालीच असती, यात मला शंका नाही. म्हणून मी बाईंच्या हुशारीबद्दल लिहीत नाही. ती कोणाच्या उपयोगी पडली असेल नसेल. त्यांचा राग मात्र आमच्या उपयोगी पडला.

सत्तावन्न साल असेल. मी तेव्हा दारव्ह्याला प्राथमिक शाळेत शिकवत होते. शिक्षण सातवीपर्यंतचं. बाहेरून मॅट्रिकला बसायची इच्छा होती, आणि इंग्रजी आडवं येत होतं. नुकतंच राज्य बदललं होतं. आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. राज्य बदललं, कचेऱ्यांतले साहेब बदलले, कागद मात्र इंग्रजीतच राहिले. ज्याला इंग्रजी येत नाही त्यानं कचेरीच्या वऱ्हांड्यात बसावं आणि ज्याला येतं त्यानं आत, हे काही बदललं नाही.

मुजुमदारबाई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. संध्याकाळी शाळा सुटली की मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायच्या. शाळेच्या कमिटीनं खोली दिली होती ती "समाजकार्य" म्हणून, म्हणजे भाषणात सांगायला. वर्गात आम्ही मोजकेच. मी, दवाखान्यातले कंपाउंडर, जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाड्या तोलणारे नानाजी काटेवाले, आणि एका सरकारी कचेरीतले चपराशी सोमला राठोड. आणखी कोणी येत-जात असायचं. बाईंच्या तोंडाचा पहिला पट्टा बसला की जायचंच जास्त.

बाई उंच, हाडकुळ्या. खादीचं पांढरं पातळ, पदर कमरेला खोचलेला. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून उजवा कान पुढे करून उभ्या राहायच्या. आपण पुटपुटलो की म्हणायच्या, "लाजत बोललेलं इंग्रजी मला ऐकू येत नाही." पण मागे कोणी कोणाच्या चुकीवर हसलं, तर ते मात्र त्याच डाव्या कानाला बरोबर ऐकू यायचं. टेबलावर फुटाण्यांची पुडी असायची. शिकवता शिकवता एकेक दाणा तोंडात टाकायच्या. दाणे भराभर जायला लागले की आम्ही समजायचो, आता बरसणार.

घर यवतमाळचं. वडील, आजोबा सगळे कचेरीत मोठ्या जागांवर. घरात बोलणं शुद्ध, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं. बाईही एरवी तसंच बोलायच्या. पण राग आला की अस्सल वऱ्हाडी. ती त्यांना लहानपणी सांभाळणाऱ्या बाईकडून आली होती, असं त्या सांगायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती.

वर्गाच्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. पास्ट परफेक्ट काही केल्या आमच्या डोक्यात शिरेना. शेवटी नानाजी काटेवाले खडू ठेवून म्हणाले, "जाऊ द्या ना बाई. आमची भाषा गावठी. आमाले कुठून येईन हे?"

फुटाण्यांची पुडी धाडकन टेबलावर आपटली.

"गावठी? कोनं सांगतलं तुमाले गावठी? तुमी ठेसनावर गेले, गाडी नाई सापडली. घरी येऊन बायकोले काय सांगान?"

नानाजी घाबरत म्हणाले, "सांगीन, मी पोचलो तवा गाडी गेलती."

"गेली नाई म्हनलं तुमी. गेलती म्हनलं. काहून?"

"काहून म्हंजे... गाडी पयले गेलती, मी मागून पोचलो."

"मंग?" बाईंनी फळ्यावर एवढ्या जोरानं खडू ओढला की तो तुटला. "व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट. हॅड लेफ्ट म्हंजे गेलती! रोज तोंडात घोळवता आन म्हनता येत नाई! तुमाले गावठी म्हननाऱ्यानं फसवलं तुमाले, आन तुमी त्याचंच आयकून राह्यले!"

नानाजी पन्नाशीचे गृहस्थ. कापसाच्या गाडीवाल्यांना दरडावणारे. त्या दिवशी ते खाली बघून स्वतःशीच "हॅड लेफ्ट, गेलती. हॅड इटन, खाल्लतं" असं पुटपुटत घरी गेले. बाईंचा राग आमच्यावर नसायचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्या मनात कोणीतरी जे बसवून ठेवलं होतं, त्याच्यावर तो असायचा. आम्ही फक्त मधे उभे असायचो, म्हणून लागायचा आम्हाला.

क्रियाविशेषण वाक्यांचंही तसंच. पुस्तकातली नावं बाजूला ठेवून बाईंनी त्यांना आमची नावं दिली. केव्हावालं, कुठंवालं, काहूनवालं (काहून म्हणजे का), जरवालं, जरीवालं. पुस्तकात मुख्य वाक्य आणि गौण वाक्य असे शब्द होते. 'गौण' म्हणताना बाईंचा चेहरा कडू व्हायचा. "गौण कोणी ठरवलं? तो पडला, हे मुख्य. काहून पडला, हे गौण. आता सांगा, दोन्हींत महत्त्वाचं कोणतं?"

सोमलाभाऊ तेव्हा सावकाश म्हणाले, "कोनं ढकललं असंन तर काहूनवालंच महत्त्वाचं, बाई."

"बरोबर, राठोड. बसा."

गावात सोमलाभाऊंना 'तुम्ही' म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. कचेरीत ते "ए राठोड" होते. त्यांचा तांडा बोरी अरबच्या बाजूला. आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदूरचे बाजार केले होते, वडिलांनी शेती धरली, आणि हे तांड्यातले पहिले सरकारी नोकर. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि आता तिसरी भाषा. एकदा उत्तर बरोबर आल्याच्या भरात त्यांच्या तोंडून बाईंना "याडी" निघून गेलं. याडी म्हणजे आई. बाई म्हणाल्या, "मी कोणाची आई-बिई नाही. बाई म्हणा." आणि फळ्याकडे वळून बराच वेळ उगाचच पुसलेला फळा पुसत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात ते झालं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

एका संध्याकाळी सोमलाभाऊ वर्गात आले ते खाली मान घालून. कान लालभडक. बाईंनी काय झालं ते विचारलं. त्यांनी तुटक तुटक सांगितलं. साहेबांचं मनगटी घड्याळ हरवलं होतं. ते टेबलावर काढून ठेवून साहेब जेवायला गेले होते. दुपारी वावटळ उठली, खिडकीतून धूळ आत यायला लागली, तेव्हा हेडक्लार्कनं, ज्यांना सगळे बडेबाबू म्हणायचे, सोमलाभाऊंना खिडकी लावायला साहेबांच्या खोलीत पाठवलं. त्यांनी खिडकी लावली आणि बाहेर आले. साहेब परत आल्यावर घड्याळाची शोधाशोध झाली तेव्हा बडेबाबूंनी इंग्रजीत जबाब तयार केला आणि म्हणाले, कर सही.

"मी म्हनलं, वाचून करतो जी. तर समदे हासले."

"मग? वाचलंत?"

"थोडं समजलं, थोडं नाई समजलं. आय एंटर्ड साहेब्स रूम व्हेन नोबडी वॉज देअर. इतकं समजलं. म्या म्हनलं, बडेबाबू, तुमीच पाठवलतं ना मले? ते काहूनवालं याच्यात नाई दिसून राह्यलं. तर बडेबाबू म्हनले, लय शिकला का तू? आन वऱ्हांड्यात कान धरून उभं केलं. कचेरी सुटेपर्यंत."

पोराबाळांचा बाप माणूस. पक्षकार येत होते, जात होते, बघत होते. त्यांत बोरीचेही काही असतील.

"सही केली?" बाईंनी विचारलं.

"नाई. उद्या करतो म्हनलं."

बाईंनी त्या दिवशी फुटाण्याला हात लावला नाही. आवाजही चढला नाही. त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "उद्या कचेरी उघडताना मी येते. सुशीला, तूही चल. दोन बायका असल्या की माणसं जरा लाज धरतात." तो शांतपणा ऐकून मला आधी कधी वाटली नव्हती तेवढी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. साहेब नवे, मुंबईकडून आलेले. बोलणं अगदी गोड. "बसा बाई. चहा घेणार? आपण शिक्षिका, आपल्याबद्दल आदरच आहे. पण हा आमच्या कचेरीचा अंतर्गत प्रश्न आहे."

"हा व्याकरणाचा प्रश्न आहे," बाई म्हणाल्या, "आणि व्याकरण माझ्या खात्यात येतं. तो जबाब वाचा."

साहेब हसून वाचू लागले. आय एंटर्ड साहेब्स रूम व्हेन नोबडी वॉज देअर.

"भाषा बिनचूक आहे," साहेब म्हणाले.

"बिनचूक आहे आणि खोटी आहे. बडेबाबूंना बोलवा."

बडेबाबू दारातच उभे होते. बाई त्यांच्याकडे वळल्या, उजवा कान पुढे केला. "आधी काय झालं? राठोडांनी खोलीत पाऊल टाकलं ते आधी, की तुम्ही त्यांना खिडकी लावायला पाठवलं ते आधी?"

"पाठवलं होतं मी, पण..."

"पाठवलं होतं! साहेब, ऐकलंत? होतं म्हणाले. हॅड सेंट. मग जबाबात ते कुठं आहे? बिकॉज द हेडक्लार्क हॅड सेंट मी टू शट द विंडो. एवढं वाक्य कापलं की माणूस चोर होतो. हे वाक्य कापलं कोणी? कात्री कोणाच्या हातात होती?"

साहेबांचा गोडवा गेला. "बाई, तुम्हाला इथली माणसं माहीत नाहीत. या तांड्यांवरच्या लोकांना एक सवय असते..."

आणि मग बाई उभ्या राहिल्या. कचेरीतले सगळे बाबू टाइपरायटर थांबवून ऐकत होते.

"इथली मानसं मले माईत नाईत? मी इथं जलमली! तुमाले येऊन किती दिवस झाले? ज्याचं नाव धड घेता येत नाई, त्याची सवय सांगून राह्यले मले! अख्खी दुपार त्याले कान धरून उभं केलं तवा तुमचं हे गोड बोलनं कुठं गेलतं? आता मी सांगते ते लिवा. नाई तर मी वऱ्हांड्यात बसते, आन येनाऱ्या-जानाऱ्या समद्याईले हे वाक्य शिकवते. इंग्रजीत बी आन वऱ्हाडीत बी."

जबाब नव्यानं लिहिला गेला. बाईंनी सांगितलं तसा, काहूनवाल्यासकट. सोमलाभाऊंनी तो सावकाश वाचला आणि खाली इंग्रजीत सही केली. बाहेर येताना बडेबाबू आमच्याकडे न बघता पान लावत होते. मला वाटलं, जिंकलो. किती भोळी होते मी.

सोमलाभाऊंवर चोरीचा आळ टिकला नाही. पण पावसाळा संपायच्या आत "जागा हंगामी होती, आता गरज नाही" असं सांगून त्यांना काढून टाकलं. घड्याळ सापडलं की नाही, कोणालाच ठाऊक नाही. दिवाळीच्या सुमारास साहेबांच्या मनगटावर घड्याळ दिसलं. तेच की नवं, हे विचारण्याची कोणाची हिंमत? त्या कचेरीतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. सगळ्यांना इंग्रजी येत होतं.

आणि मग शाळेच्या कमिटीनं बाईंना बोलावलं. मी तिथं नव्हते, बाईंनीच नंतर सांगितलं. अध्यक्ष गावातले मोठे वकील. म्हणाले, "आपण खेडवळ भाषेतून इंग्रजी शिकवता, असं कानावर आलं. शाळेच्या दर्जाचा प्रश्न आहे. शिवाय बाया-पुरुष एकत्र बसतात. आणि कचेरीत जाऊन आरडाओरड करणं हे शिक्षिकेला शोभत नाही."

बाई म्हणाल्या, "शोभतं कुणाला? तुम्ही वकील आहात. तुम्हाला शोभलं असतं. तुम्ही काहून नाही गेलात?"

खोलीला कुलूप लागलं, आणि पुढच्या वर्षी बाईंची नोकरीही गेली. गावात कोणी हूं की चूं केलं नाही. "बाईंनी जरा सबुरीनं घ्यायला पाहिजे होतं," हे वाक्य तेव्हा घरोघरी तयार झालं. मी ते माझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलं, शाळेत ऐकलं, विहिरीवर ऐकलं. सबुरी! कान धरून उभ्या केलेल्या माणसानं किती सबुरी धरायची असते, याचं माप या लोकांकडे नेहमी तयार असतं.

वर्ग बंद झाला नाही. सोमलाभाऊ तांड्यावर शेतीला परत गेले होते. बाई दर रविवारी बैलांची दमणी करून तिकडे जायला लागल्या. मीही कधी कधी जायची. कडुनिंबाखाली सोमलाभाऊ आणि तांड्यातली आणखी दोघं-तिघं बसायची. काचा जडवलेल्या ओढण्या घेतलेल्या बायका लांब उभ्या राहून बाईंचं ओरडणं ऐकायच्या आणि आपसांत हसायच्या. एकदा त्यांतली एक पुढे आली आणि सोमलाभाऊंना गोरबोलीत काही विचारून गेली. बाईंनी विचारलं, काय म्हणते? सोमलाभाऊ लाजत म्हणाले, "म्हनते, ही बाई तुमच्यावर इतकी चिडते, तरी तुमी बैलं सोडून तिच्यासमोर कायले बसता?"

"मग काय सांगितलं?"

"म्हनलं, थे चिडते म्हनूनच बसतो. बाकीचे तर हासतात."

सोमलाभाऊ मॅट्रिकला बसले. इंग्रजीत पास झाले आणि गणितात नापास. बाईंनी गणिताच्या नावानं दिवसभर शिव्या घातल्या. ते परत बसले नाहीत. पण तांड्यावरच्या माणसाचा कचेरीशी संबंध आला की लोक त्यांना सोबत घेऊन जायला लागले. त्यांना म्हणे कोणी आता वऱ्हांड्यात थांबवत नसे. मी मात्र पास झाले, पुढे शाळेची हेडबाई झाले. बाईंना तिकडे मारेगावला नवीन निघालेल्या शाळेत काम मिळालं आणि त्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेल्या.

पुढे काही वर्षांनी मुलींच्या शाळेचा मोठा समारंभ ठरला. जुन्या शिक्षकांचा सत्कार करायचा, शाल, नारळ. अध्यक्ष तेच वकील. केस पिकलेले, वागणं मवाळ. त्यांनी मला बोलावून घेतलं. "मुजुमदारबाईंना आणायचं काम तुमचं. झालं गेलं गंगेला मिळालं. त्यांचं योगदान आम्ही विसरलेलो नाही." योगदान! मला तिथंच काहीतरी बोलायला हवं होतं, पण बाई येतील, गाव उभं राहून टाळ्या वाजवील, या आशेनं मी गप्प बसले. जाण्याआधी सोमलाभाऊंना भेटले. ते म्हणाले, "बाईले सांगा, शाल घ्या म्हनावं. माया नोकरीचं मनात नका ठेवू. मले आता नोकरी पाह्यजे बी नाई."

मारेगावला मोटारीतून उतरले तेव्हा कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. बाईंची खोली शाळेच्या मागेच. बाई खूप वाळल्या होत्या. आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. मी मोठ्यानं समारंभाचं सांगितलं. शाल, नारळ, अध्यक्ष. सोमलाभाऊंचा निरोपही सांगितला.

बाई म्हणाल्या, "राठोड असंच म्हणणार. त्यांना राग येत नाही, हाच तर माझा राग आहे." आणि एकदम आवाज चढला. "शाल कायले? थंडी वाजून राह्यली का मले? ज्याईनं खोलीले कुलूप लावलं, त्याईच्या हातून शाल घेऊ? त्याईले सांग, त्या मानसाले कचेरीत बोलवा. समद्याईसमोर साहेबानं उभं राहून म्हनावं, आमचं चुकलं. मंग मी अनवानी चालत येते दारव्ह्याले. शाल नको, नारळ नको."

"बाई, ते साहेब आता कुठं असतील? आणि बडेबाबू तर वारलेसुद्धा."

"मंग अध्यक्षानं म्हनावं. तो तर जिता हाय ना?"

बाईंनी मला चहा केला, रागारागात साखर जास्त घातली, आणि मी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चल, तुझी मोटार चुकेल."

उन्हातून आम्ही मोटार स्टँडपर्यंत चालत आलो. त्यांच्या शाळेतल्या दोन मुली वाटेत भेटल्या, वाकून नमस्कार करायला लागल्या, तर त्यांच्यावरच ओरडल्या, "पाया कायले पडता? सरळ उभ्या राहा!" मुली सरळ उभ्या राहिल्या.

मोटार भरली होती. मला खिडकीजवळ जागा मिळाली. ड्रायव्हर खाली उतरून कोणाशी तरी गप्पा मारत उभा होता, आणि कंडक्टर आणखी माणसं कोंबत होता. एक म्हातारी गाठोडं घेऊन पायरीवर अडकली होती, तिला कोणी आत सरकू देत नव्हतं. बाईंनी ते पाहिलं. पदर खोचून पुढे आल्या, आतल्या माणसांना दोन शब्द सुनावले, म्हातारीला हाताला धरून वर चढवलं आणि तिच्यासाठी जागा करून घेतली. मग मोटारीच्या पत्र्यावर हाताचा पंजा जोरजोरात आपटत ड्रायव्हरला म्हणाल्या, "गप्पा पुरे झाल्या तुमच्या! मानसं उन्हात शिजून राह्यली आत. काढा गाडी!"

ड्रायव्हर पळत आला. मोटार सुरू झाली. मी खिडकीतून हात हलवला, तेव्हा बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. पत्र्यावर आपटलेला हात त्या दुसऱ्या हातानं चोळत होत्या.